रोजची भाकर, रोजचीच भांडी: यात देव नेमका कुठे असतो?

वसईची_सून (धागाकर्ती)

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. दोन्ही पोरं झोपली, नवरा रात्रपाळीला गेलाय आणि मी ओट्याला टेकून मोबाइलवर हे लिहितेय. सिंककडे पाठ केलीय, कारण आत काय आहे ते मला माहीत आहे.

आम्ही वसईचे कॅथलिक. थोरली सहा वर्षांची, धाकटा पावणेदोन. थोरलीच्या वेळी नोकरी सोडली, परत धरायची होती ती राहूनच गेली. गेल्या रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) फादरांचं प्रवचन आईपणावर होतं म्हणे. 'म्हणे', कारण मी तासभर बाहेर क्रूसापाशी होते, तिथे सांडलेलं मेण धाकट्याच्या तोंडातून काढत. घरी आल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय सुंदर बोलले गं फादर! आई म्हणजे घरातली पहिली वेदी. तू ऐकायला हवं होतंस." मला आधी हसू आलं. मग कुकर लावताना रडू आलं.

तर प्रश्न. लग्नाआधी मी रोज संध्याकाळी अख्खी रोजरी करायचे (मरीयेची जपमाळ, पाच भागांची; एकेका भागाला रहस्य म्हणतात). आता पहिल्या रहस्यातच डोळा लागतो, सकाळी मणी पाठीत रुतलेले असतात. दिवसभर जे करते ते संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. पुसलेली फरशी, भरवलेलं पोट, घडी घातलेले कपडे. यात देव कुठे असतो? असतो असं मी मानते, पण मला दिसत नाही. ज्यांना दिसला त्यांनी सांगा. "आई म्हणजे देवाचं रूप" वगैरे कृपया नको. देवाच्या रूपाने तीन दिवस केस धुतलेले नाहीत.

टवाळ_कोकरू

मी पहिला! आधी भांडी घास, मग देव शोध.

वसईची_सून

कोकरा, तुझ्या घरी भांडी कोण घासतं?

टवाळ_कोकरू

आई.
बरं. गप बसतो.

नगरी_ज्वारी

ताई, मी नगरची (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही), प्रॉटेस्टंट, पाळकाची मुलगी. आमच्याकडे प्रभूच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असं म्हणतात. लहानपणी मला वाटायचं ही ओळ माझ्या आईबद्दलच आहे, कारण देवाने दिलेली भाकर थापताना मला तीच दिसायची. रविवारी जेवायला पंधरा माणसं आणि बाबा आतल्या खोलीत उपदेशाची टिपणं काढत बसलेले.

त्या ओळीतला 'रोजची' हा शब्द मला पोरं झाल्यावर उमगला. रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, आठव; बायबलमधल्या निर्गमचा १६ वा अध्याय. रोज पहाटे उठून गोळा करायचा, तोही त्या दिवसापुरताच. कोणी शहाणपणा करून उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडले, घाण वास सुटला. चाळीस वर्षं हेच! देवाला एकदाच वर्षाचं धान्य भरून देता आलं नसतं? त्याने मुद्दाम असं दिलं की जे आज संपतं आणि उद्या पुन्हा वाकून वेचावं लागतं. तू म्हणतेस काम पुसलं जातं. मान्नाही ऊन चढलं की वितळून जायचा. म्हणून तो कमी देवाचा झाला नाही.

मला देव दिसला असं मी म्हणणार नाही. पण भाकरी थापताना ती एक ओळ म्हणते, एका भाकरीला एकदा. आठ भाकऱ्या, आठ प्रार्थना. रोजरीपेक्षा स्वस्तात पडतं. (प्रॉटेस्टंट विनोद, कॅथलिकांनी हलकं घ्यावं.)

मरोळची_मॅगी

हलकं घेतलं. पण रोजरीला हात भाजत नाही.

निरीश्वर_नाना

नास्तिक असून या धाग्यावर आलोय, धागाकर्तीने हवं तर हाकलावं.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. घरच्यांसाठी करायची बिनपगारी कामं, म्हणजे स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट, ही करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ९७. शिवाय ही कामं करणारे पुरुष शंभरात २६ च्या आसपास, बायका ८१. आता मला सांगा, कामात 'अर्थ' शोधायची वेळ २९९ वालीवरच का येते? ९७ वाला कधी विचारत नाही की हे प्रभो, माझ्या भांड्यांत तू कुठे आहेस. अर्थ ही गोधडी आहे, दमलेल्या बाईच्या अंगावर टाकायची, म्हणजे ती गप झोपते आणि सकाळी पुन्हा उठते. सूनबाईंना देव नको आहे, भांड्याला बाई आणि सलग सहा तास झोप हवी आहे.

नगरी_ज्वारी

नाना, ती भांड्याला येणारी बाई आपल्या घरची २९९ मिनिटं आटपून मग आपल्याकडे येते. तिचा प्रश्न कोणत्या धाग्यावर घ्यायचा?

वसईची_सून

नाना, हाकलत नाही. झोप हवी आहे हे शंभर टक्के. पण झोप पुरी झाल्यावरही प्रश्न उरेल असं वाटतंय. नाही उरला तर कळवीन.

नगरी, भाकरीचं आवडलं. आमच्याकडे तांदळाची असते, हातावर थापतात, पण ओळ बसेल त्यात.

बाप_माणूस

नानांच्या ९७ मिनिटांतला एक मी. (खरं सांगायचं तर ८० असतील. बायको शेजारी बसून ५० म्हणतेय.)

प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये विवाहावर एक पुस्तिका लिहिली होती, त्यातला एक मुद्दा मला मुलगी झाल्यापासून चिकटलाय. तो म्हणतो, बाप बाळाचे लंगोट धुवायला बसला आणि लोक त्याला बायल्या म्हणून हसले, तरी देव आपल्या सगळ्या दूतांसह हसत असतो. लंगोट धुतोय म्हणून नव्हे, विश्वासाने धुतोय म्हणून. त्या काळी पुरोहित आणि मठवासी म्हणजे वरच्या पायरीवरचे आणि संसारी लोक खालच्या, असं मानत. ल्यूथरने ती पायरीच काढली. लंगोटाचं बादलीभर पाणी आणि वेदीवरची सेवा एका रांगेत.

मरोळची_मॅगी

१५२२? ल्यूथरचं लग्न तर १५२५ ला झालं. म्हणजे हे सगळं एकही लंगोट न धुता?

बाप_माणूस

पकडलंत. पुढे सहा मुलं झाली. पण घर, बाग, गुरं, पाहुणे आणि बिअर गाळणं, सगळं त्याची बायको काटारिना बघायची.

टवाळ_कोकरू

बिअर?? धागा आत्ता कुठे रंगात येतोय.

जात्यावरची_ओवी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातली. धागा वाचून राहवलं नाही. आमच्या जनाबाईचा प्रश्न हाच होता की! नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, पाणी, शेण. तिला देवळात जायला फुरसत नाही, म्हणून विठ्ठलच जात्यापाशी येऊन बसला. खुंटा धरला, दळू लागला. तिने विठ्ठलाला 'या कामाला अर्थ दे' असं कधी म्हटलं नाही, 'हात लाव' म्हटलं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण जनीचं सगळं तोंडपाठ. दळताना तिला एकटं वाटत नसे एवढं मी पाहिलंय.

तुमच्याकडे असं काही आहे का? देव येऊन हात लावतो असं?

निवृत्त_बाई

ओवी, आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय. येशू मरणातून उठलाय. एवढा मोठा चमत्कार झाल्यावर तो काय करतो? पहाटे तळ्याकाठी कोळशाचा विस्तव पेटवतो, त्यावर मासे ठेवतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना हाक मारतो, या, न्याहारी करा. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, प्रवचनंही पुष्कळ ऐकली, पण त्या न्याहारीवर बोलणारे फार कमी भेटले. बहुधा ज्यांना आयती न्याहारी मिळते त्यांच्या ते ध्यानात येत नसावं.

आणि तुमचे विठोबा-माउली म्हणाल तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हणूनच हाका मारल्यात, तेही अभंगात. १६१६ ला फादर स्टीफन्सने ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत. आपली भांडी वेगळी असतील, जातं एकच आहे.

जात्यावरची_ओवी

बाई, नमस्कार. विस्तवावरचे मासे म्हणजे आमच्या शाकाहारी घरात जरा अडचण आहे, पण भाव पोचला.

विरार_फास्ट

माझी आजी वसईच्या वाडीतली. मोगरा आणि भाजी घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जायची. टोपली दारापाशी, आजी टोपलीला टेकून खाली, पदराखाली बोटांवर नमो मारिया, रोजरीची प्रार्थना. माळ हातात धरली तर गर्दीत तुटते म्हणून बोटांवर. नायगाव ते बोरिवली दोन रहस्यं, बोरिवली ते अंधेरी एक, दादरला पाच पुरी. एकदा मी विचारलं, आजी, एवढ्या गोंगाटात देवाला ऐकू जातं का? म्हणाली, त्याला सवय आहे, त्याला पण गर्दीतच शोधतात लोक.

तिच्यात देव शोधण्याचा प्रकार नव्हताच. फुलं सुकायच्या आत विकायची, एवढंच.

मरोळची_मॅगी

विरार_फास्ट, बोरिवली ते अंधेरी एकच रहस्य? आजी फास्ट ट्रेनने जायच्या वाटतं.

विरार_फास्ट

त्या टप्प्यात भांडण असायचं. जागेवरून.

कल्याणची_कमला

मला मुख्य धाग्याशी थोडं समांतर बोलायचंय. मी नोकरी करते. मुलगा पाळणाघरात. आमच्या चर्चमध्ये दर वर्षी मातृदिनाला बायबलमधल्या नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय वाचतात, सद्गुणी स्त्री. रात्र असताना उठते, घरच्यांना जेवू घालते, दिवा विझत नाही. वाचून झालं की दोन-तीन जणी माझ्याकडे वळून बघतात. एकदा एकीने थेट विचारलं, "बाळाला परक्याच्या हाती देऊन तुला झोप कशी लागते?"

मी घरी जाऊन अख्खा अध्याय वाचला. त्या बाईने शेत विकत घेतलंय! विचार करून, स्वतःच्या हातच्या कमाईने द्राक्षमळा लावलाय. कापड विणून व्यापाऱ्यांना विकते. हे कोणी मोठ्याने वाचत नाही. दिवा तेवढा वाचतात.

निवृत्त_बाई

कमला, पंडिता रमाबाईंचं पाहा. १८८२ ला नवरा गेला तेव्हा मनोरमा तान्ही होती. तिला घेऊन इंग्लंडला गेल्या, पुढे काही काळ तिला तिथल्या वाँटेजच्या सिस्टरांकडे ठेवून अमेरिकेत फिरल्या. त्यांनाही लोकांनी बोल लावलेच. १८८९ ला शारदा सदन काढलं, दुष्काळात शेकडो मुलींना केडगावला आणलं, त्या मुलींची आई झाल्या आणि बायबलचं मराठी भाषांतर हातावेगळं केलं. मनोरमा मोठी होऊन त्याच कामात आईच्या बरोबरीने उभी राहिली. १९२१ ला ती गेली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई.

त्यांना मी देवी करत नाही. लेकीला दूर ठेवल्याचं काही दुखलंच असणार. पण ज्यांच्यावर आज आपण व्याख्यानं देतो त्या बाईचं मूलही कुणाकडे तरी राहिलं होतं, एवढं लक्षात असू दे.

मरोळची_मॅगी

आणि आमच्याकडच्या झेली मार्तें! लिस्यूच्या संत तेरेझाची आई. फ्रान्समध्ये अलाँसों गावी लेस विणण्याचा धंदा चालवायची, हाताखाली बायका कामाला. नऊ मुलं, त्यातली चार लहानपणीच गेली. मधली लेओनी इतकी अवघड पोर की आईला तिचा घोर. तिची पत्रं वाचली की वाटतं ही आपल्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे: दमलेय, ऑर्डर पुरी होत नाहीत, पोरगी ऐकत नाही. १८७७ ला स्तनाच्या कर्करोगाने गेली, तेरेझा तेव्हा साडेचार वर्षांची. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला एकत्रच संत घोषित केलं.

मला यातलं काय पटतं सांगू? तिला संतपद मिळालं ते पत्रांमधल्या कुरकुरीसकट. कोणी ती गाळून घेतली नाही.

निरीश्वर_नाना

कुरकुरीला संतपद असेल तर आमची ही आजच पात्र आहे.

टवाळ_कोकरू

नाना धर्मांतराच्या वाटेवर. 🍿

शेवटचा_बाक

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

मी एक्केचाळीस वर्षांची. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मूल नाही. मातृदिनाला आमच्याकडे उपासनेनंतर सगळ्या आयांना उभं करतात आणि गुलाब देतात. मी बसून असते. एकदा एका लहान मुलाने चुकून मलाही दिला, त्याच्या आईने हळूच परत घेतला, कमी पडत होते म्हणून. सासूबाई चांगल्या आहेत, पण आठ वर्षं दर सप्टेंबरला वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेतून मेणाचं बाळ वाहून यायच्या. त्या प्रॉटेस्टंट, तरी. नवव्या वर्षी गेल्या नाहीत. त्यांनी आशा सोडली ते मला तेव्हा कळलं, आणि सुटल्यासारखंही झालं.

हा धागा वाचताना वाटलं, आईपणात देव दिसतो असं तुम्ही सिद्ध केलंत तर माझ्या वाट्याला तेवढा देव कमी आला का? गर्दीतून एक बाई येशूला म्हणाली, ज्या उदराने तुला वाहिलं ते धन्य. लूकचा ११ वा अध्याय. तो म्हणाला, त्यापेक्षा देवाचं वचन ऐकून पाळणारे धन्य. लोकांना हे उत्तर जरा तुटक वाटतं. मला ते खुर्ची पुढे सरकवल्यासारखं वाटतं.

चौदा वर्षं संडे स्कूल घेते. शेंबूड पुसायचे दिवस माझ्याही वाट्याला आलेत.

वसईची_सून

बाक, मी काही लिहून तीनदा खोडलं. फक्त एवढंच, माझ्या थोरलीला संडे स्कूलला घेणाऱ्या टीचरचं लग्न झालेलं नाही, आणि घरी मी सांगितलेलं काही खरं की खोटं हे लेक तिला विचारून ठरवते.

नगरी_ज्वारी

गुलाब परत घेतला??? त्या बाईंचा पत्ता द्या.

निवृत्त_बाई

शेवटचा_बाक, उदराचा मान त्याने नाकारला नाही, एकटीचा ठेवला नाही, असं मी समजते. खुर्चीचं तुम्ही म्हणालात ते माझ्यापेक्षा नेमकं आहे.

बाप_माणूस

आता मार्था आणि मरीया कोणी काढत नाही म्हणून मीच काढतो. दोघी बहिणी, येशू त्यांच्या घरी आलेला: मार्था स्वयंपाकात, मरीया त्याच्या पायाशी बसलेली, आणि येशू म्हणतो मरीयेने चांगला वाटा निवडला. मग स्वयंपाकाला अर्थ आहे म्हणणाऱ्यांचं काय?

नगरी_ज्वारी

आला विषय. माझी आई दर वेळी हा उतारा वाचला की पुटपुटायची, "आणि मग जेवण कोणी केलं ते लिहिलंच नाही."

मरोळची_मॅगी

आविलाच्या संत तेरेसाने (स्पेनची, लिस्यूची नव्हे) आपल्या मठातल्या सिस्टरांना लिहिलंय की आज्ञा स्वयंपाकघरात नेत असेल तर प्रभू तिथे भांड्याकुंड्यांतही वावरतो. आणि ती समाधी-बिमाधी लागणारी बाई, उगाच सांत्वन करणारी नव्हे.

निवृत्त_बाई

येशूने मार्थाला स्वयंपाक टाक असं म्हटलेलं नाही. तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस, असं म्हटलं. आणि गोष्ट तिथे संपत नाही. योहान ११ मध्ये भाऊ मेल्यावर धावत पुढे येते ती मार्थाच, आणि 'तू ख्रिस्त आहेस' हे स्पष्ट म्हणते तीही तीच. पुढच्या अध्यायात पुन्हा जेवण आहे आणि तिथे एका ओळीत येतं, मार्था वाढत होती. या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही आणि तीही बहिणीची तक्रार करत नाही. काम तेच, ताटं तीच. मधल्या वेळात तिच्यात काहीतरी हललंय. काय ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण हाताने वाढता वाढता कधी कधी जाणवतं.

कायदा_वाचते

वकिली सवयीने एक कलम दाखवते. विश्रांतीची आज्ञा, निर्गम २०. सातव्या दिवशी कोणी काम करायचं नाही त्याची यादी: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझी गुरं, वेशीच्या आतला परका. अनुवाद नावाच्या बायबलच्या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते, तिथे बैल आणि गाढवही आहेत. बायको नाही. गाढवाला सुट्टी आहे, बायकोला नाही!

बाप_माणूस

'तू' मध्ये बायको धरलेली आहे असा अर्थ लावतात.

कायदा_वाचते

मान्य. मग तिला सुट्टी द्या. आमच्याकडे रविवारी 'तू' मध्ये ती धरली जात नाही आणि 'दासी' मध्येही नाही, कारण दासीला सुट्टी आहे.

नगरी, तुझ्या मान्नाचा पुढचा भाग विसरलीस. सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तो टिकायचा, किडे पडत नसत, कारण सातव्या दिवशी कोणी वेचायला जायचं नव्हतं. रोजच्या भाकरीत सुट्टीही शिजवलेली होती. कामाला अर्थ आहे असं ऐकवणाऱ्यांनी हा अर्धा भागही ऐकवावा.

निरीश्वर_नाना

या बाईंना माझ्यातर्फे शंभर गुण.

दुसरी_बाळंतीण

विषय जरा जड करतेय. धागाकर्ती, तू कुकर लावताना रडलीस म्हणालीस. एकदाच रडली असशील तर पुढचं सोडून दे.

मला दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन महिने रोज रडू यायचं, बाळाकडे बघून काही वाटायचं नाही, झोप मिळाली तरी लागायची नाही. प्रार्थनागटातल्या एकीने सांगितलं, विश्वास कमी पडतोय, जास्त प्रार्थना कर. मी केली, आणि आता आपल्यावाचून घरच्यांचं बरं होईल असे विचार यायला लागले. नणंद नर्स आहे, तिने ओळखलं आणि हात धरून डॉक्टरकडे नेलं. औषधं, समुपदेशन, आठ महिने. आज ठीक आहे.

तेव्हा एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला नव्याने कळली. १ राजे १९. झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, मला मरू दे. देवदूत येतो आणि त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा. ऊठ, खा. तो खाऊन पुन्हा झोपतो, दूत झोपू देतो, मग पुन्हा तेच. बोलणं नंतर, बरंच नंतर. सरकारची मानसिक आरोग्याची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट, मराठीतही बोलतात. लिहून ठेवा कुठेतरी, स्वतःसाठी नसेल तर शेजारणीसाठी.

वसईची_सून

ताई, धन्यवाद. माझं एकदाच होतं, पण नंबर फ्रिजवर लावलाय. आमच्या मजल्यावर एक नवी बाळंतीण आहे, ती हल्ली दार उघडत नाही. उद्या डबा घेऊन जाते. बोलणार काही नाही.

टवाळ_कोकरू

मी काल रात्री भांडी घासली. आईने विचारलं, पैसे हवेत का?

निवृत्त_बाई

कोकरा, आज पण घास. मग विचारणार नाही.

नगरी_ज्वारी

सूनबाई कुठे गायब? आठवडा झाला.

वसईची_सून

आले, आले. धाकट्याला ताप होता.

तर ऐका. नवऱ्याने हा धागा वाचला. मी दाखवला नव्हता, मोबाइल उघडाच राहिला होता. तो काही बोलला नाही. रविवारी चर्चच्या दारात त्याने धाकट्याला माझ्या कडेवरून घेतलं, म्हणाला, जा आत. मी आत जाऊन पंख्याखालच्या बाकावर बसले. पावणेदोन वर्षांनी पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे. काय करायचं सुचेना, मांडीवर ठेवले. पहिलं वाचन झालं, स्तोत्र झालं, फादर प्रवचनाला उभे राहिले.

आणि मला झोप लागली.

गाढ. शेजारच्या काकूंनी शांतिदानाला हात हलवला तेव्हा जाग आली. प्रवचन कशावर होतं विचारू नका. बाहेर आले तर हे महाशय क्रूसापाशी उकिडवे बसलेले, पोराच्या तोंडात बोट, म्हणाले, "हा मेण खातो, तू कधी सांगितलं नाहीस!"

नाना, कळवते म्हणाले होते. झोप झाली. प्रश्न आहे तिथेच आहे, पण त्याच्याशी आता माझं भांडण नाही. काल भाकऱ्या थापताना नगरीची ओळ म्हणून पाहिली, चौथ्या भाकरीला विसरले, थोरलीने आठवण केली. शेजारणीने डबा घेतला, दार लगेच लावलं. आज सकाळी डबा परत आला, धुऊन, आत चार केळी.

निरीश्वर_नाना

प्रवचनात झोपलात ना, मग आपण एकाच पंथाचे.

मरोळची_मॅगी

केळी वसईची होती का? तर मग तो अनुवाद नाही, मूळ संहिता आहे.

टवाळ_कोकरू

आणि सिंकमधली भांडी?

वसईची_सून

तो घासतोय. अर्धी साबणवडी संपवलीय आणि कुकरच्या झाकणाची रबरी रिंग सापडत नाहीये. जाते.